सत्तावन्न किलोंची जागा

माझी धाकटी बहीण जेवायला बसली की मी उठून बाहेरच्या खोलीत जायचे. भांडण वगैरे काही नव्हतं, तिचं ताट मला बघवत नसे, एवढंच. भाताचा ढीग, त्यावर वरण, वरणावर तूप, शेजारी उकडलेली अंडी, आणि वाढता वाढता आई म्हणणार, "अजून एक पोळी घे गं, वजन वाढायला हवं ना." माझ्या ताटात उकडलेले मूग आणि बिनमिठाचा दुधी. त्याच आईच्या हातचा, त्याच टेबलावर. धंदाही दोघींचा एकच. आम्ही दोघी बॉक्सर, आणि त्यातही मानधन घेऊन लढणाऱ्या, प्रोफेशनल. फरक इतकाच की ती खाऊन वर जायची आणि मी उपाशी राहून जागेवर राहायचे.

ज्यांनी बॉक्सिंग फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. या खेळात वजनाचे गट असतात. लढतीच्या आदल्या दिवशी तुम्हाला काट्यावर उभं करतात, आणि गटाच्या आकड्यापेक्षा काटा जरासा पुढे गेला तरी तुम्ही बाद. म्हणून जवळजवळ सगळेच आपल्या खऱ्या वजनापेक्षा खालच्या गटात लढतात. आधी खाणं तोडायचं, शेवटी पाणीही तोडायचं, काट्यावर कसंबसं बसायचं आणि मग लढतीपर्यंत खाऊनपिऊन अंगात जीव आणायचा. ज्यांचं नशीब थोर ते एका गटात जिंकून वरच्या गटात जातात, तिथे जिंकून आणखी वर. त्यांचं नाव होतं, पोस्टर लागतात, दोन गटांची चॅम्पियन, तीन गटांची चॅम्पियन. एकाच गटात वर्षानुवर्षं तग धरून राहिलेल्या बाईला काय म्हणतात? काही म्हणत नाहीत.

माझा गट सत्तावन्न किलोंचा. सोळाव्या वर्षी मला सरांनी त्यात घातलं आणि मी ते वजन आडनावासारखं लावून घेतलं. नंतर उंची वाढली, खांदे भरले, ऑफिसची नोकरी लागली, पण सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न. माझी जागा होती ती.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा मिनिस्ट्रीत. आमच्या जिन्यात एक तमिळ, एक बंगाली, दोन बिहारी आणि आम्ही सातारचे. त्या जिन्यातून बॉक्सिंगला जाणारी पहिली मुलगी मी. शाळेत एक सर यायचे, हरियाणाचे, पुढे त्यांनी मुनिरक्यात एका तळघरात स्वतःचं जिम काढलं. तिथल्या बाकीच्या मुली दुधातुपावर वाढलेल्या, एकेकीचा हात असा की सरावाला समोर पॅड धरायचीही भीती वाटावी. मी एकटी मराठी. आईची मुख्य चिंता माझ्या नाकाची. "नाक मोडून घेऊ नकोस बाई, मग लग्नाला कोण उभं राहील," असं ती दर संध्याकाळी म्हणायची आणि तरी डबा भरून द्यायची. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला घरी एकटं ठेवायला नको म्हणून आई माझ्याबरोबर पाठवायची. ती माझी पाण्याची बाटली धरून कोपऱ्यात बसायची.

एक दिवस सर मला शिकवता शिकवता थांबले आणि माझ्या मागे बघायला लागले. मी वळून पाहिलं तर ही कोपऱ्यात बाटली खाली ठेवून, भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीला ठोसे मारत होती. पाय बरोबर, खांदा बरोबर, डावा हात जाऊन सरळ हनुवटीपाशी परत. मला ते जमायला अख्खं वर्ष लागलं होतं. सर म्हणाले, "छोटी को किसने सिखाया?" कुणी म्हणजे कुणीच नाही. तिने बघून उचललं होतं, माझं बघून. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते त्या दिवशी, आणि ते दुखणं आजतागायत मुक्कामाला आहे. लोक म्हणतात बहिणी-बहिणींमध्ये हेवा नसतो. असं म्हणणाऱ्यांना बहीण नसावी, किंवा असलीच तर ती आळशी असावी.

प्रोफेशनल मी आधी झाले. या बाजूच्या लढती म्हणजे काही फार थाटाच्या नसतात. फरीदाबादला कारखानदारांच्या क्लबचा हॉल, गुडगावला मॉलमागचं मोकळं पार्किंग, लग्नाचा सीझन नसेल तेव्हा एखादा बँक्वेट हॉल. रिंगच्या शेजारी पनीर टिक्क्याचा स्टॉल असतो आणि पहिल्या रांगेतले काका लोक अर्धी लढत प्लेट सांभाळण्यात घालवतात. तरी मला ते सगळं आवडायचं. मी जिंकायचे, कधी हरायचे, परत जिंकायचे. एकदा चॅम्पियनच्या पट्ट्यापर्यंत पोचले आणि गुणांवर हरले. सगळे म्हणाले, पुढच्या वेळी नक्की.

मग ती आली. अठ्ठेचाळीस किलोंत उतरली, काटकुळी, कोपरं बाहेर आलेली. वर्षात पट्टा. अंग भरलं तशी एक्कावन्नमध्ये गेली, तिथेही पट्टा. पुढे चौपन्नच्या गटात, तिथे थोडी अडखळली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्या आठवड्यात मी ऑफिसात सगळ्यांशी गोड बोलत होते. पुढच्याच लढतीत तिने त्याच मुलीला चौथ्या फेरीत खाली बसवलं आणि तिसरा पट्टा घेऊन घरी आली. आईने तो फ्रिजच्या वर भिंतीला खिळा मारून टांगला. त्यामुळे आता मला दूध काढायचं तरी तो दिसायचा.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, गणपतीची छोटी मूर्ती. मलाही स्टेजवर बोलावलं होतं, एका टोकाच्या खुर्चीवर. निवेदन करणाऱ्या बाई तिच्याबद्दल पुष्कळ बोलल्या, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि या त्यांच्या मोठ्या भगिनी. त्या स्वतःही थोडंफार बॉक्सिंग करतात." थोडंफार! जसं कुणी थोडंफार विणकाम करतं. मला एक गुलाब दिला. मी हसून घेतला आणि बसल्या जागी त्याच्या पाकळ्या तोडत राहिले. खाली पहिल्या रांगेत बाबा माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, म्हणजे नको, नको. मी सगळा गुलाब संपवला.

आता सरांच्या जिमचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. एका वजनात एकच. एका जिमच्या दोघींनी एकमेकींच्या वाटेत यायचं नाही. दोघींची वजनं जुळली तर जी धाकटी किंवा नवी, तिने वर किंवा खाली सरकायचं. सरांनी हा नियम कधी लिहून लावला नाही आणि कुणी कधी मोडलाही नाही. त्यामुळे माझी जागा सुरक्षित होती. पण ती वर चढत होती आणि मी तिथेच उभी होते, म्हणजे आमच्यामधलं अंतर दर वर्षी कमी होत होतं. ती चौपन्नची चॅम्पियन झाली तेव्हा मधे जेमतेम तीन किलो उरले. मी तिच्या ताटाकडे लक्ष ठेवायला लागले ते तेव्हापासून.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सत्तावन्नचा पट्टा रिकामा झाला. जिच्याकडे होता ती भिवानीची मुलगी लग्न करून कॅनडाला गेली. ज्या दिवसाची मी इतकी वर्षं वाट बघत होते तो आला, आणि त्याच दिवशी गुडगावच्या एका आयोजकाचा सरांना फोन आला. त्याला दोघी हव्या होत्या. सख्खी बहीण विरुद्ध सख्खी बहीण, एका रिंगमध्ये, त्या रिकाम्या पट्ट्यासाठी. तो म्हणे फोनवर नुसता उड्या मारत होता. सरांनी आम्हाला दोघींना समोर बसवून ते सांगितलं आणि म्हणाले, नियम तुम्हाला ठाऊक आहे, पण पट्ट्याचा प्रश्न आहे, तुमचं तुम्ही ठरवा.

माझं ठरलेलं होतं. मला ती समोर हवी होती. आईच्या तोंडी नको, मंडळाच्या स्टेजवर नको, फ्रिजवरच्या खिळ्यावर नको. समोर, ग्लोव्ह्ज घालून, माझ्याइतक्याच वजनाची. एकदा काय तो निकाल लागू दे. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "मी सत्तावन्नला नाही लढणार. मी डायरेक्ट एकसष्टला जाते. सत्तावन्न ताईचं आहे."

झालं. सरांचे डोळे पाणावले. "दिल देखो छोटी का," म्हणाले. घरी आईने तिला जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवला. बाबांनी साताऱ्याला काकांना फोन लावला आणि काकांनी पुण्यात आत्याला. चौपन्नवरून एकसष्टला, सत्तावन्न सोडून, केवढं मोठं मन, केवढा त्याग, तीही बिचारी किती दणकट बायकांशी लढणार आता. सगळ्यांनी तिचं कौतुक करून झाल्यावर मला सांगितलं की मी किती भाग्यवान. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तेरा वर्षं उपाशी राहून राखलेली जागा तिने मला दान केली, आणि मी ते दान घेतलं पण, कारण नाही कसं म्हणणार? पट्ट्यासाठी मला हिसारची एक मुलगी मिळाली आणि एकसष्टच्या गटात हिला रोहतकची. दोन्ही लढती एकाच दिवशी, पानिपतला.

पानिपत ऐकून बाबांचा चेहरा उतरला. इतिहास हा त्यांचा प्राण. जी. टी. रोडने पुढे कुठे जायचं असलं तरी पानिपतजवळ त्यांना गप्प बसवणं मुश्किल. "दुसरं गाव नाही का मिळालं त्यांना?" ते म्हणाले. "पानिपतला आपलं काही बरं होत नाही." आई म्हणाली, "अहो, तिथे आता चादरी मिळतात." पण बाबा खरंच अस्वस्थ होते.

मग घरात डिंकाचे लाडू सुरू झाले. आमच्याकडे डिंकाचे लाडू बाळंतिणीला करतात, पण आईचं म्हणणं वजन चढवायला त्यासारखं दुसरं काही नाही. आय. एन. ए. मार्केटमधून खारीक आली, खोबरं आलं, तुपात डिंक फुलवताना सगळा जिना दरवळला. स्टीलचा मोठा डबा भरून ओट्यावर. "तुला नाही हो," आई मला म्हणाली, "तुझी लढत झाली की तुला वेगळे करीन." मी मूग चावत होते. सकाळी धुक्यात, घाम निघावा म्हणून रबरी सूट घालून पळायचं, मेट्रोने गुडगावला ऑफिस, संध्याकाळी जिम, घरी आलं की डिंकाचा वास. स्वप्नात मला लाडू दिसायचे. पट्टा कधी दिसला नाही, लाडूच. आणि ती पलीकडे बसून दुधाबरोबर एक लाडू, मग दुसरा, निवांत चालल्यासारखी. मला वाटायचं, हिला देवाने सगळंच दिलंय. हात दिला, मोठं मन दिलं, आता लाडू पण दिले.

एक दिवस ऑफिसला जाताना मेट्रोत मला गरगरलं. दोन स्टेशनं कशीतरी उभी राहिले, मग उतरून उलटी गाडी पकडली आणि दुपारच्या आत घरी आले. आई हळदीकुंकवाला गेलेली. दार माझ्या चावीने उघडलं तर न्हाणीघरातून ओकारीचे आवाज येत होते. मी चपला काढेपर्यंत नळ चालू झाला, बंद झाला, आणि बहीण तोंड पुसत स्वयंपाकघरात गेली. मी आल्याचं तिला कळलं नव्हतं. ओट्यावर लाडवांचा डबा उघडा होता. तिने एक लाडू उचलला, मोडला, नाक चिमटीत धरलं आणि तुकडा तोंडात कोंबला. गालांवरून पाणी वाहत होतं. चावत होती आणि रडत होती.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? वाटलं, आईचा लाडू फुकट घालवला बयेने.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

ती दचकली. "काही नाही. खाते आहे."

"ते दिसतंय. ओकून खातेस?"

तिने तुकडा हातात तसाच धरून ठेवला. "चढतच नाही गं, ताई. काहीही खाल्लं तरी सत्तावन्नला येऊन थांबतं. जरा वर जातं, दोन दिवसांत परत तिथेच. मला ते लाडू बघूनच मळमळतं आता. आईला सांगू नकोस, तिने एवढे केलेत."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. डोकं अजून हलकंच होतं, पण एक गोष्ट लख्ख कळली. तिचं अंग सत्तावन्नचं होतं. आणि मी, मूग नसते खाल्ले, माणसासारखी जेवले असते, तर किती भरले असते ते मला चांगलं माहीत होतं. सुट्टीच्या दिवसांत काटा कुठे जातो ते मी कुणाला सांगत नसे. एकसष्ट. तिच्या जागेवर मी उपाशी बसले होते आणि माझ्या जागेवर जाण्यासाठी ती ओकत होती.

"मग सत्तावन्नला लढ," मी म्हटलं.

"तिथे तू आहेस."

"म्हणून तर म्हणते. माझ्याशी लढ."

"नको."

"का? त्याग करायचाय? पुण्याच्या आत्याकडून शाबासकी हवीय?"

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याग नाही यार. तू रागावशील."

"मी रागावलेलीच आहे. बोल."

"तू वजन तोडून येतेस ना, तेव्हा दोन फेऱ्यांनंतर तुझ्यात काही उरत नाही. तिसऱ्यात तुझा उजवा हात खाली येतो. दर वेळी येतो. सगळ्यांना नाही दिसत, मला दिसतो. मी लहानपणापासून तुझ्याकडेच बघत आलेय. तो हात खाली आला की मला मारावं लागेल. आणि मला तुला नाही मारायचं."

म्हणजे जागा दिली नव्हती तिने. माझी दया केली होती. तिला लढायच्या आधीच खात्री होती. मला वाटलं लाडवांचा डबा उचलून तिच्या डोक्यात घालावा. त्याऐवजी मी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला, डब्यात टाकला आणि झाकण दाबून लावलं. "उद्यापासून लाडू बंद," मी म्हटलं. "आणि हात खाली आला की मारायचं. नाही मारलंस तर जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही."

"ताई, खरंच?"

"बिल्कुल."

सरांना आम्ही दोघींनी जाऊन सांगितलं. ते म्हणाले की मग लढतीत मी कुणाच्याच कोपऱ्यात उभा राहणार नाही, आणि आयोजकाला फोन लावला. त्याने हिसार आणि रोहतकला त्यांच्या त्यांच्या वजनातल्या दुसऱ्या मुली शोधून दिल्या आणि आमचं पोस्टर त्याच दिवशी छापायला टाकलं. आईने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी लाडू जिन्यात वाटून टाकले आणि म्हणाली, "मी कुणाच्या बाजूने ओरडायचं ते तरी सांगा." यावर बाबा एकदम खुलले. त्यांना काहीतरी सुचलं होतं. "अगं, पण दोघी आपल्याच," ते म्हणाले. "म्हणजे यावेळी पानिपतला मराठे जिंकणारच." आई म्हणाली, "आणि हरणार पण मराठेच ना." बाबांनी यावर विचार केला आणि पेपर उघडला.

वजनाच्या दिवशी मी जीभ सुकवून, अंगातलं उरलंसुरलं पाणी काढायला बाटलीत थुंकत, टोपी-स्वेटर घालून गाडीत बसले होते. ती शेजारी खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती. सकाळी तिने एक केळं खाल्लं होतं. केळं! काट्यावर ती अशी चढली जशी आपण रिक्षात चढतो. सत्तावन्नला किंचित कमी. मी टॉवेल गुंडाळून, श्वास सोडून चढले आणि काटा बरोबर रेघेवर थांबला. उतरताना माझा तोल गेला. तिने हात पुढे केला, मी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी माझी होती. दुसरीही माझी. हे मी म्हणत नाही, पंचांच्या गुणांत आहे. तिला माझं काहीच लागत नाही असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं, पण माझा डावा तिच्या कपाळावर बसला आणि तिचं डोकं मागे गेलं तेव्हा मला इतकं छान वाटलं की काय सांगू. हॉलमध्ये लोक ओरडत होते. आई कुठे दिसत नव्हती. नंतर कळलं, ती बाहेर हॉलच्या दारात पाठ करून उभी होती.

तिसऱ्या फेरीत माझा उजवा हात खाली आला. मला कळलं नाही, तिच्या डोळ्यांवरून कळलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, तिचा खांदा वळला होता, आणि ती थांबली. मारलंच नाही. मी जाऊन तिच्या अंगावर पडले, दोघी गुंतलो, आणि मी तिच्या कानात म्हटलं, "मार ना."

"हात वर घे, ताई."

"मार म्हणते ना."

पंचाने आम्हाला सोडवलं. मी हात वर घेतला. थोड्या वेळाने तो परत खाली आला असणार, कारण पुढचं मला आठवतंय ते मी रिंगमध्ये बसलेली होते आणि पंच माझ्या तोंडासमोर बोटं मोजत होता. ती लांबच्या कोपऱ्यात उभी, ग्लोव्ह तोंडावर दाबून. मी उठले. शेवटपर्यंत उभी राहिले. तिने नंतर एकदाही हात आखडता घेतला नाही, आणि प्रत्येक ठोसा लागला की मला राग यायचा आणि त्या रागाखाली कुठेतरी बरंही वाटायचं, की आता ही माझ्याशी खरं वागतेय. पंचांनी तिचा हात वर केला. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि रडत होते, कुणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझं साफ पानिपत झालं होतं.

सर रिंगपाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ये तेरा वज़न है ही नहीं, बेटी." मी म्हटलं, "पता है, सर." हे आधी का नाही सांगितलंत असं विचारणार होते, पण मी कुणाचं ऐकलं असतं?

परतीच्या गाडीत आईने पिशवीतून दोन पराठे काढून मला दिले आणि दोन तिला. मुरथल मागे पडलं. मग ती म्हणाली, "ताई, लागलं का गं फार?" मी म्हटलं, "लागलं." ती म्हणाली, "तुझा डावा पण लागला." तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते बघत मी पराठा संपवला.

आता मी एकसष्टमध्ये लढते. पहिली लढत फरीदाबादला झाली, ज्या मुलीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तिच्याशी, आणि शेवटच्या फेरीत माझा उजवा हात हनुवटीपाशी होता. जिंकले. सत्कार वगैरे कुणी केला नाही. फ्रिजवरच्या खिळ्याला आता तिचे चार पट्टे आहेत आणि दूध काढताना माझ्या पोटात अजून दुखतं. सत्तावन्नचा तर विशेष दुखतो.

पण पट्टा मिळाला की तो राखावा लागतो, आणि राखायचा तर जागेवर राहावं लागतं. तिच्या सत्काराची जेवणं झाली, जिममध्ये तिचे खांदे भरले, आणि जे वजन लाडवांनी हलत नव्हतं ते आता नुसत्या हवेने चढतंय. पुढच्या महिन्यात तिची सत्तावन्नची लढत आहे. काल आईने पुन्हा डिंकाचे लाडू केले, या वेळी माझ्यासाठी. रात्री टेबलावर माझ्या ताटात भात, वरण, तूप, आणि तिच्या ताटात मूग आणि बिनमिठाचा दुधी. "अजून एक पोळी घे गं," आई मला म्हणाली.

बहिणीने माझ्या ताटाकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, तेरा वर्षं माझ्याच डोळ्यांत होती. मग तिने ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आईने मला खूण केली, तिला बोलव म्हणून.

मी बोलावलं नाही. डबा उघडला, एक लाडू घेतला, आणि तिला ऐकू जाईल असा चावून चावून खाल्ला.